गाळाच्या रिपोर्टात तांबं, निकेल, क्रोमियम लाल रंगात आलंय. आईने मुळे (चिखलातले शिंपले) काढायचे बंद करायचे का?

खाडीकाठची
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमचं घर गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठाला. मागे नारळाची वाडी, वाडी संपली की बांध, आणि बांधापलीकडे सगळी तिवरं, म्हणजे खारफुटी. मी नोकरीसाठी रत्नागिरीला असते, पंधरा दिवसांनी घरी जाते. आई पासष्टीची आहे, तरी अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, शेजारणींबरोबर चिखलात उतरते आणि टोपलीभर मुळे काढून आणते, कधी कालवं. आम्ही भावंडं तेच खाऊन मोठी झालो.

तर सध्या खाडीत होड्यांसाठी वाट खोल करायचं काम चाललंय आणि निघालेला गाळ ठेकेदाराचा माणूस फुकट देतोय, वर स्वतःच्या डंपरने आणून टाकतो म्हणाला. आमच्या वाडीचा बांधाकडचा कोपरा खोलगट आहे, उधाणाला तिथे खारं पाणी भरतं, म्हणून भाऊ म्हणतो घेऊन टाकू, चार फूट भर पडेल. मला मात्र धाकधूक वाटली. खाडीच्या वरच्या अंगाला केमिकलचे कारखाने आहेत हे कुणाला सांगायला नको. आणि तो गाळ बघितला तर काळाकुट्ट, सडक्या अंड्यासारखा वास, आई चिखलातून वर आली की तिच्या पायातली चांदीची जोडवी काळी पडलेली असतात. शेजारच्या काकू म्हणतात हे केमिकलच, दुसरं काय असणार.

म्हणून मी तिवरांच्या कडेचा किलोभर गाळ पिशवीत भरून एका खाजगी लॅबला दिला. रिपोर्टात तांबं, निकेल, क्रोमियम या तीन ओळी लाल रंगात आणि पुढे 'मर्यादेपेक्षा जास्त' असं. शिसं आणि जस्त मर्यादेच्या आत. पारा आणि कॅडमियम केलंच नाही, त्याचे पैसे वेगळे होते आणि तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी फोटो वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि तिथे एकदम घबराट, दोन घरांनी तर त्या दिवशीचे मुळे फेकून दिले. आई म्हणते, "जल्माची खातोय आम्ही, काय झालं आम्हाला?" तिला काय उत्तर देऊ तेच कळत नाहीये. गाळ खरंच विषारी आहे का, मुळे बंद करायचे का, आणि तो फुकटचा गाळ वाडीत घ्यायचा का? कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.


गाळणी_६३
रविवार, रात्री ११.०५

मी पर्यावरण तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो, गाळाचे नमुने रोज हाताखालून जातात, म्हणून लिहितोय.

आधी एक बघा. रिपोर्टात मर्यादेच्या रकान्यात तांब्यापुढे ३४, निकेलपुढे २०.९ आणि क्रोमियमपुढे ८१ असं छापलंय का? असेल तर ते आकडे आपल्या देशाचे नाहीत. आपल्याकडे खाडीच्या गाळासाठी ठरवून दिलेली अशी मर्यादाच नाही, म्हणून लॅबवाले अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानाच्या सरकारी संस्थेचे १९९५ सालचे आकडे चिकटवतात. त्यांचा अर्थ एवढाच की याच्या खाली असेल तर गाळातल्या जिवांवर वाईट परिणाम क्वचितच दिसतो. याच्या वर गेलं म्हणजे विष असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. त्याच तक्त्यात दुसरा, वरचा आकडा आहे, तांबं २७०, निकेल ५१.६, क्रोमियम ३७०, आणि त्याच्या वर गेलं तर परिणाम वारंवार दिसतो. तुमच्या रिपोर्टात हा दुसरा रकाना नसणार, बहुतेक लॅब टाकतच नाहीत.

आता गंमत नाही, खरंच महत्त्वाचं सांगतो. १९६१ साली टुरेकियन आणि वेडेपोल या दोघांनी जगातल्या शेल खडकाची, म्हणजे जुन्या चिखलापासूनच बनलेल्या खडकाची सरासरी काढली, ती आजही सगळे तुलनेला वापरतात. त्यात तांबं ४५, निकेल ६८, क्रोमियम ९०. सगळे आकडे एक किलो कोरड्या गाळात किती मिलिग्रॅम या हिशोबाने. म्हणजे ज्या चिखलाने कधी कारखाना बघितला नाही त्यातही हे तिन्ही त्या लाल रेषेच्या वर आहेत! आणि आपलं कोकण तर शेलवरही नाही, काळ्या बेसाल्टवर आणि जांभ्यावर बसलंय. दख्खनच्या बेसाल्टमध्ये शंभर-दोनशे मिलिग्रॅम तांबं सहज असतं. जांभा बनताना पावसाने सिलिका धुऊन जाते आणि लोखंड, अॅल्युमिनियम, त्यांच्याबरोबर क्रोमियमही मागे साठून राहतं. तीच लाल माती पावसाळ्यात वाशिष्ठी नदीतून खाली येते, खारं पाणी लागलं की तिचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात, तिवरांच्या मुळांत पाण्याचा वेग मंदावतो आणि तिथेच बसतात. म्हणजे तुमच्या लाल ओळींतला बराचसा हिस्सा सह्याद्रीतून आलेला असू शकतो.

जोडव्यांचंही तसंच. तिवरांच्या चिखलात वरचा पापुद्रा सोडला तर खाली हवाच नसते. तिथले जिवाणू श्वासासाठी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू बनतो, सडक्या अंड्याचा वास तो त्याचा, चांदी काळी करतो तोही तोच, आणि गाळ काळा दिसतो तो लोखंडाच्या सल्फाइडमुळे. एक ढेकूळ वर काढून सावलीत ठेवून बघा, थोड्या वेळात बाहेरून तपकिरी व्हायला लागतं, आत फोडलं तर काळंच. ज्या खाडीच्या वर एकही कारखाना नाही तिथेही हेच दिसेल.

पण याचा अर्थ तुमचा गाळ स्वच्छ आहे असा मी म्हणत नाहीये. अर्थ एवढाच की या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही. आणि जे बघायला हवं होतं, पारा आणि कॅडमियम, ते त्यात नाहीच.


मचवा_जुना
सोमवार, सकाळी ६.१५

गाळणीभाऊ तुम्ही शिकलेले आहात तुमचं बरोबर असेल पण असं वाचलं की आमच्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. मी तीस वर्षं खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकतोय. दगडातनं आलं म्हणायचं आणि सोडून द्यायचं काय? मासे मरून वर आलेले मी या डोळ्यांनी बघितलेत, बोयटं, पालू, खरबी, पांढरी पोटं वर करून सुकतीबरोबर खाली जात होती, पाण्याला फेस, डोळे झोंबतात असा वास, आणि ते होतं कधी तर पहिला मोठा पाऊस पडला की रात्रीच्या अंधारात. दगड पहिल्या पावसाची वाट बघत बसत नाही. अधिकारी आले नमुने घेतले बाटलीत आणि गेले, तोवर दोन भरत्या येऊन गेल्या होत्या, पाणी धुऊन निघालं, रिपोर्टात सगळं बरोबर. पूर्वी निवट्या, चिखलावरचे मासे, एवढ्या असायच्या की चिखलावर पाय ठेवला की चारी बाजूंनी उड्या, आता आमच्या कोंडीत तासभर बसलो तर चार दिसतात. तुम्ही नैसर्गिक नैसर्गिक म्हणता तेच कागद उद्या कारखानदार आमच्या तोंडावर मारतील. आमच्या पोरांनी हा धंदा सोडला तो काय उगाच नाय.


गाळणी_६३
सोमवार, सकाळी ८.३०

दादा, तुमचं म्हणणं मनापासून पटतं आणि माझ्या लिहिण्यात ती कसर राहिली हे मान्य करतो. तुम्ही बघितलंत ते खोटं नाही आणि मी सांगितलं तेही खोटं नाही, फक्त ती दोन वेगळी दुखणी आहेत.

मासे एका रात्रीत मरतात ते शक्यतो जड धातूंनी नाही. पाण्यातला प्राणवायू संपतो, किंवा आम्ल, अमोनिया, एखादं रसायन एकदम येतं, आणि भरतीबरोबर पुरावा निघून जातो. म्हणून पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी भरून फार काही हाती लागत नाही. धातूंचं उलट आहे. ते कुठे जात नाहीत, सडत नाहीत, तुटत नाहीत, बारीक गाळाला धरून थरावर थर बसत जातात. पाणी विसरतं पण गाळ विसरत नाही. म्हणूनच गाळ नीट तपासणं हे तुमच्याच बाजूचं हत्यार आहे, पण ते चुकीच्या आकड्यांवर चालवलं तर समोरचा वकील पाच मिनिटांत 'हे तर बेसाल्टमधलं तांबं' म्हणून सगळी केस झोपवेल. मला भीती त्याचीच आहे.

मग काय बघायचं? आपल्या खडकात जे धातू फारसे नाहीत ते. कॅडमियम, पारा, शिसं आणि काही अंशी जस्त. शेलच्या सरासरीत कॅडमियम ०.३, पारा ०.४, शिसं २०, जस्त ९५ असतं. यांतलं एखादं दुप्पट-चौपट निघालं तर ते दगडावर ढकलता येत नाही. त्यातही नुसता आकडा धरायचा नाही, अॅल्युमिनियमशी गुणोत्तर काढायचं. कारण चिखल जितका बारीक तितके धातू आपोआप जास्त, वाळू मिसळली की आकडा खाली येतो, पण अॅल्युमिनियमही त्याच प्रमाणात खाली येतं. बाहेरच्या काही शोधनिबंधांत लोखंडाशी गुणोत्तर काढतात, आपल्याकडे जांभ्यामुळे लोखंड एवढं भरमसाट आहे की त्याने फसायला होतं.

आणि पैसे जमले तर, म्हणजे कुणा कॉलेजने किंवा संस्थेने हातात घेतलं तर, मीटरभर पाइप गाळात ठोकून उभा नमुना काढतात आणि दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या करतात. शिसं २१० नावाचा नैसर्गिक किरणोत्सारी प्रकार असतो, दर २२ वर्षांनी निम्मा होतो, त्यावरून कुठली चकती कुठल्या दशकातली ते कळतं. खालच्या चकत्या कारखान्यांच्या आधीच्या असतील तर तोच तुमच्या खाडीचा मूळ आकडा! मग अमेरिका नको आणि शेलची सरासरीही नको. वर येताना कॅडमियम किंवा पारा कुठल्या वर्षापासून चढायला लागला ते तारखेसकट दिसतं. लोटे-वाशिष्ठी, महाड-सावित्री, धाटाव-कुंडलिका, जिथे जिथे वर रासायनिक वसाहत आणि खाली खाडी अशी रचना आहे तिथे प्रत्येक खाडीचा असा उभा नमुना काढलेला असावा असं मला फार वाटतं.


शिंपला
सोमवार, दुपारी १.२०

मी मत्स्यशास्त्र शिकले आहे आणि शिंपल्यांवर काम केलंय, म्हणून फक्त आईंच्या मुळ्यांबद्दल बोलते, कारण घरात प्रश्न तोच आहे.

गाळातला आकडा आणि ताटातला आकडा यांचा थेट संबंध जोडू नका. गाळात धातू किती याच्याइतकंच तो कुठल्या रूपात आहे हे महत्त्वाचं. दगडाच्या कणात अडकलेलं क्रोमियम मुळ्याच्या पोटातून जसं आत जातं तसंच बाहेर पडतं. काळ्या चिखलात सल्फाइड होऊन बसलेलं कॅडमियमही बरंचसं बांधलेलं असतं. जे सुटं आहे, कणांच्या पृष्ठभागाला नुसतं चिकटलेलं आहे, तेच मुळ्याच्या मांसात जातं. म्हणून गाळाचा पैसा वाचवून मुळेच तपासा.

आता तपासताना एक चूक जवळजवळ सगळे करतात, ती टाळा. युरोपात शिंपल्यांसाठी मर्यादा आहे कॅडमियम १ आणि शिसं १.५ मिलिग्रॅम किलोला, पण ही ओल्या मांसावर. लॅब किंवा शोधनिबंध आकडे देतात ते बहुतेक वेळा वाळवलेल्या मांसावर. मुळ्याच्या मांसात साधारण ८० टक्के पाणी, म्हणजे वाळवल्यावर तोच आकडा पाचपट दिसतो. कॅडमियम कोरड्यावर ३ आलं की पेपरात बातमी येते 'मर्यादेच्या तिप्पट', आणि ओल्यावर मोजलं तर ते ०.६ असतं. कोळणींचा आठवडाभराचा धंदा बसतो अशा एका बातमीने. उलटही होतं, ओला आकडा कोरड्याच्या रकान्यात टाकून सगळं ठीक आहे म्हणून मोकळे. रिपोर्टवर ओलं की कोरडं हे लिहून घ्याच.

तुमच्या आई मुळे आणल्यावर रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवत असतील माती सोडायला, आमच्याकडेही तसंच करतात. ते चांगलंच आहे, पोटातला गाळ निघून जातो आणि त्याबरोबरचे धातूही. पण मांसात मुरलेलं कॅडमियम एका रात्रीत जात नाही, आणि उकडून, तळून, आमसुलं घालूनही जात नाही. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात साठतं आणि निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. म्हणून 'जल्माची खातोय' हे उत्तर इथे पुरत नाही, आईंना दुखवायचं नाही पण खरं तेच आहे. तसंच एका रिपोर्टवर टोपली फेकून द्यायचंही कारण नाही. रिपोर्ट येईपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बायकांना देऊ नका, मोठ्यांनी खायचे तर कधीमधी, आणि सगळ्यात मोठे म्हणजे जुने, ते सोडून मधल्या आकाराचे घ्या, जितकं वय जास्त तितकं साठलेलं जास्त.

पाऱ्याबद्दल एकच. ज्या जिवाणूंमुळे जोडवी काळी होतात त्यांच्यातलेच काही साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात, जपानात मिनामाताला १९५६ साली जो आजार उघडकीला आला तो त्याच प्रकारच्या पाऱ्याचा. तो मुळ्यांपेक्षा मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत चढत जातो. तुमच्याकडे जिताडा मिळत असेल तर एक मोठा जिताडाही तपासायला द्या असं मी म्हणेन.


खारजमीन
सोमवार, रात्री ९.५५

ताई भावाला सांगा गाळ घेऊ नको, हात जोडून सांगतो. मी घेतला होता.

आमचं खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, रायगडात. तीन वर्षांपूर्वी असाच फुकटचा गाळ आला म्हणून दहा गुंठ्यांत टाकून घेतला, काळा मऊ लोण्यासारखा, मला वाटलं सोनं आलं घरी. पहिल्या उन्हाळ्यात वर पांढरा थर धरला तो मिठाचा, तेवढं आम्हाला सवयीचं होतं, पावसाने धुऊन जाईल म्हटलं. गाळ तडकला, वीत-वीतभर भेगा. दुसऱ्या वर्षी त्या भेगांच्या कडांना पिवळट रंग दिसायला लागला, गवताच्या वाळक्या काडीसारखा फिका पिवळा, बोटाने खरवडला की भुकटी निघते. पाऊस पडला आणि चरातनं जे पाणी निघालं ते चहासारखं लाल. नारळाची बत्तीस रोपं लावली होती, शेंडे करपले, एकोणीस मेली. गवतसुद्धा धरत नव्हतं. कृषी विद्यापीठातल्या ओळखीच्या सरांनी येऊन सामू बघितला तर साडेतीनच्या आसपास, लिंबाच्या सरबतात रोप लावल्यासारखं झालं होतं म्हणाले.

त्यांनी समजावलं ते असं की तो काळा गाळ पाण्याखाली, हवेविना असतो तोवर गुण्यागोविंदाने असतो. वर काढून वाळवला की त्यातल्या सल्फाइडला हवा लागते आणि त्याचं सल्फ्युरिक अॅसिड होतं, बॅटरीत असतं ते. आणि मग वर तुम्ही सगळे म्हणताय ते बांधून ठेवलेले धातू, जस्त कॅडमियम वगैरे, ते त्या अॅसिडात सुटतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर चालायला लागतात. माझ्या विहिरीचं पाणी त्या वर्षी आम्ही प्यायलो नाही, भीतीच बसली. चुना टाकून टाकून आता कुठे थोडं सुधारतंय. तुमच्या वाडीत विहीर असणारच, गाळ टाकायचा कोपरा आणि विहीर यांत अंतर किती ते आधी मोजा.

सॉइल हेल्थ कार्ड बनवून घेऊ असं भाऊ म्हणेल. त्यात बारा गोष्टी असतात, नत्र स्फुरद पालाश, सामू, क्षार, जस्त तांबं लोह असं पिकाला लागणारं. शिसं कॅडमियम पारा त्यात नसतं. माझं कार्ड गाळ टाकायच्या आधीचं एकदम छान होतं.

आणि एक कायद्याचं. मुंबई हायकोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, तिवरांपासून पन्नास मीटरच्या आत भराव, राडारोडा टाकता येत नाही, जागा मालकीची असली तरी. तुमचा कोपरा बांधालगत आहे आणि बांधापलीकडे तिवरं, म्हणजे तो बहुतेक पन्नास मीटरच्या आतच येतो. डंपर ठेकेदाराचा असला तरी सातबारा तुमचा आहे, नोटीस तुमच्या नावाने येईल.


मचवा_जुना
सोमवार, रात्री १०.३०

खारजमीनवाल्यांनी लाल पाणी म्हटलं म्हणून सांगतो, आमच्याकडे जांभ्याच्या कड्यातनं पाणी झिरपतं तिथे पण लाल गाळ आणि वर तेलासारखा रंगीत तवंग असतो, ते इथल्या मातीतलंच आहे, तेल नाही. काडीने डिवचलं की काचेसारखे तुकडे होतात तर ते लोखंडाचं, आणि काडी काढल्यावर परत जुळून आलं तर तेल. एवढं ओळखता येतं आम्हाला. खाडीत दिसतं ते दुसऱ्या प्रकारचं, हे मी ठामपणे सांगतो.

आणि तो उभा पाइप ठोकायला कुणी आलं तर होडी माझी, डिझेलचे पैसे नकोत. कुठल्या कोंडीत गाळ कधीपासून हललेला नाही ते आम्हाला माहिती, तिथेच ठोकायला पाहिजे ना?


गाळणी_६३
सोमवार, रात्री १०.५०

तिथेच दादा. जिथे जाळं ओढलेलं नाही, वाळू काढलेली नाही, गाळ उपसलेला नाही अशी जागा. ती दाखवणारा माणूस मिळत नाही म्हणून कितीतरी नमुने वाया जातात. मी दोन ठिकाणी विचारतो.


खाडीकाठची
मंगळवार, रात्री ८.१५

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री आईला आणि भावाला फोन स्पीकरवर टाकून सगळं वाचून दाखवलं. रिपोर्ट काढून बघितला, खरंच ३४, २०.९ आणि ८१ च लिहिलंय. खारजमीनदादांची रोपांची गोष्ट ऐकून भाऊ गप्प झाला, आज सकाळी त्याने ठेकेदाराच्या माणसाला नको म्हणून कळवलं. विहीर त्या कोपऱ्यापासून बावीस पावलांवर आहे. पण शेजारच्या दोन वाड्यांनी होकार दिलाय, त्यांना आज संध्याकाळी भाऊ जाऊन सांगणार आहे.

आई जरा नाराज आहे. तिचं म्हणणं मुळे काढायला जाणं म्हणजे नुसतं खाणं नाही, चार बायका एकत्र जातात, बोलतात, तेवढंच घराबाहेर पडणं होतं. मी तिला म्हटलं जायचं थांबवू नको, पुढच्या अमावस्येच्या सुकतीला मीच तुझ्याबरोबर येते आणि नमुन्याचे मुळे तूच काढून दे, कारण कुठले किती जुने ते कवचावरच्या रेषा बघून तिला कळतं. ते ऐकून जरा खुलली.

दोन शंका. तुलनेला स्वच्छ खाडीतला गाळ हवा तर माझं आजोळ मालवणजवळ आहे, आचऱ्याच्या खाडीतला आणला तर चालेल का? आणि आम्ही तिवराचा पाला म्हशीला घालतो, त्याचं काय?


गाळणी_६३
मंगळवार, रात्री ९.००

आचऱ्याचा नको. खाडी चांगली आहे पण मालवणकडे खडकच बदलतो, तिथे बेसाल्ट नाही, जुने ग्रॅनाइट-क्वार्टझाइट वगैरे आहेत, तिथल्या गाळात तांबं मुळातच कमी असणार आणि तुमची खाडी उगाच वाईट दिसेल. तुमच्याच तालुक्यातली छोटी खाडी घ्या, पालशेत-हेदवीकडची, जिच्या वर कारखाना नाही पण खडक तोच आहे.

गाळ घेताना वरचा दोन-तीन सेंटिमीटरचाच थर, प्लास्टिकच्या किंवा लाकडी चमच्याने, स्टीलचा नको कारण त्यात निकेल-क्रोमियम असतं. एका जागेचे पाच-सहा चमचे मिसळून एक नमुना. लॅबला सांगा ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून फक्त बारीक भाग तपासा, अॅल्युमिनियम आणि सेंद्रिय कार्बनही मोजा, आणि अर्धा नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये ढवळून सुटं किती निघतं तेही द्या. शिंपलाताईंनी म्हटलं ते 'सुटं' म्हणजे साधारण तेच.


शिंपला
मंगळवार, रात्री ९.२०

पाल्याचं सांगते. तिवर धातू बरेचसे आपल्या मुळांपाशीच अडवतं. एखादं श्वासमूळ धुऊन बघा, त्यावर गंजासारखं तपकिरी कवच असतं, ते लोखंडाचं, त्यात बरंच काही अडकून राहतं. शिसं पानापर्यंत फार कमी जातं. तांबं-जस्त झाडाला स्वतःलाच लागतं म्हणून ते वर चढतं, पण त्याची म्हशीला एवढी काळजी नको. मला पाल्यापेक्षा पानावर सुकलेल्या चिखलाची जास्त काळजी वाटते. उधाणाचं पाणी जिथवर चढतं त्याच्या वरचा पाला घ्या आणि धुऊन घाला, आणि फांद्या तोडू नका, तिवर तोडणं गुन्हा आहे.

मुळे नमुन्यासाठी वीस-पंचवीस, एकाच आकाराचे, रात्रभर त्याच खाडीच्या गाळून घेतलेल्या पाण्यात ठेवून मग प्लास्टिकच्या पिशवीत फ्रीजरला टाका. आणि आई टोपलीतून आणून पत्र्याच्या बादलीत ओतत असतील तर या वेळी नको, त्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, प्लास्टिकचं घमेलं न्या.